तलावाचं सात-चार आणि माझी मावशी

माझ्या मावशीच्या लेखी 'गुलाबी' नावाचा रंगच नाही. "मावशी, ती गुलाबी पिशवी दे ना," म्हटलं की ती जागची हलत नाही. "कुठली गुलाबी? कांद्याच्या सालीची, डाळिंबाच्या दाण्याची, की बाळाच्या टाचेची?" आपण वैतागून "कुठलीही दे गं" म्हटलं, तर पिशवी मिळत नाही, भाषण मिळतं. आई म्हणते, "लहानपणी अशी नव्हती हो ही. कापड रंगवायच्या कारखान्यात चौदा वर्षं हौद ढवळले, त्याची ही फळं."

मावशी जे काही रसायनशास्त्र शिकली ते तिथेच, मुकादमाच्या शिव्यांमधून. कापडाने रंग धरला नाही की नवे लोक कापडाला नावं ठेवायचे आणि जुने लोक पाण्याकडे बघायचे. पाणी आंबट झालंय की सोड्याकडे झुकलंय? सुती कापडाला सोडा लागतो, लोकरीला आंबट लागतं. उलटं केलं की रंग नाल्यात आणि मुकादम डोक्यावर. आमच्या पुस्तकात यालाच आम्ल आणि आम्लारी म्हणतात आणि दोन गुणांना विचारतात. मावशी ते हातांची सालपटं काढून शिकली, म्हणून तिला गुण नाहीत.

मग कारखाना बंद पडला आणि मावशी आमच्याकडे आली. "चार दिवसांसाठी," असं म्हणाली. ते चार दिवस दोन वर्षं चालले. आमच्या घरात खोल्या दोन, माणसं पाच आणि नळ एक. मावशीचं अंथरूण गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली. उठून बसली की तोंडावर ओला टॉवेल. आई आणि मावशी एकमेकींवर जीव टाकतात, पण नळावर नाही. "अगं, माझं झालं की तुझाच आहे." "तुझं होतंय कधी?" हे रोज, आंघोळीच्या आधी आणि नंतर.

मावशीने मागच्या गल्लीत एक खोली हेरून ठेवली होती. खिडकी, मोरी, स्वतःचा नळ. घरमालकीण म्हणाली, "द्यायला माझी ना नाही. पण नोकरी कायमची असल्याचं पत्र आणा. तात्पुरत्या माणसांची मला फार धास्ती. तीच कायमची राहतात."

तर हे सगळं रामायण त्या एका पत्रासाठी.

नोकरी होती आमच्या भागातल्या पोहण्याच्या तलावावर. तलाव एका संस्थेचा, संस्था सभासदांची, आणि सभासद कोणाच्या बापाचे नाहीत. मावशीला पंपघरात घेतलं ते वर्षभरासाठी, तात्पुरतं. सचिवांनी तिला सांगितलं, "आपलं काम पाहण्यात येईल, आणि समाधानकारक आढळून आल्यास आपल्याला कायम करण्याचा विचार करण्यात येईल." सचिव असेच बोलतात. ते स्वतः कधी काही करत नाहीत, सगळं 'करण्यात येतं'. घरीसुद्धा "चहात साखर कमी असल्याचं निदर्शनास आलेलं आहे" असंच म्हणत असणार, हा आईचा अंदाज.

पंपघर तलावाच्या पोटात आहे. सहा पायऱ्या उतरायच्या, दारात वाकायचं, आणि आत शिरलं की पंपाच्या घरघरीने आपले दातसुद्धा हलतात. खिडकी एकच, तीही बाहेरच्या फरशीला टेकलेली, म्हणून तिच्यातून माणसं फक्त घोट्यापर्यंत दिसतात. मावशी सगळ्या सभासदांना पायांवरून ओळखते. सचिव म्हणजे पांढरे मोजे आणि करकरणाऱ्या सँडल. अॅसिडचे कॅन पंपघरात, पण क्लोरीनची पावडर वर, जिन्याजवळच्या कपाटात, कुलपात. "या दोघांची सोयरीक जमत नाही," मावशी म्हणते. "एकत्र आले तर असा विषारी वायू सोडतील की वऱ्हाडाला पळता भुई थोडी."

टेबलावर तपासणीची पेटी. काचेची नळी, लाल थेंबांची बाटली आणि रंगांची पट्टी. नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे, जो रंग येईल तो पट्टीशी जुळवायचा, की पाण्याचा पीएच कळतो. पिवळं आलं तर सहा-आठ, म्हणजे ६.८, पाणी आंबट. नारिंगीच्या जरा पुढे गेलं की सात-चार, झकास. राणी रंग आला की आठ किंवा त्याच्या वर, पाणी सोड्याच्या बाजूला. साध्या माणसाला त्यात तीन रंग दिसतात. मावशीला अकरा.

तिच्या आधी या खुर्चीत एक काका होते. त्यांना सगळे सात-चार काका म्हणतात. का म्हणतात, ते मावशीला पहिल्याच दिवशी वही उघडल्यावर कळलं. सकाळ ७.४, दुपार ७.४, संध्याकाळ ७.४. अकरा वर्षं. मधे एकदा फरशा बदलायला तलाव महिनाभर कोरडा ठणठणीत केला होता, त्या महिन्यातही ७.४. एकतीस जूनलासुद्धा ७.४.

मावशीने पाणी तपासलं. राणी रंग. तिने लिहिलं, ८.१.

दुपारी पांढरे मोजे खिडकीशी येऊन थांबले. "बाई, वहीत आठ-एक असा आकडा आढळून आलाय. काल तर पाणी अगदी व्यवस्थित होतं."

"काल वही व्यवस्थित होती, साहेब. पाणी असंच होतं."

त्या दिवशी सचिवांच्या मनात जी अढी बसली, ती बसली.

तलावावर रोज सकाळी एक आजोबा येतात. पोहतात कमी आणि डोळे चोळतात जास्त. मावशी लागल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते पायऱ्या उतरून थेट पंपघरात आले, खालची पापणी बोटाने ओढून. "हे बघा! बघा हे! टोमॅटो झालेत टोमॅटो! क्लोरीन ओतता की पुराचं पाणी सोडता हो?"

"आजोबा, क्लोरीन जास्त नाहीये. झोपलाय."

"क्लोरीन झोपतो?"

"पाण्यात तो दोन तऱ्हांनी असतो. एक जागा, एक झोपलेला. जंतू मारतो तो जागा असलेला. पाणी सोड्याकडे झुकलं की जागे आडवे व्हायला लागतात, आंबटाकडे आलं की झोपलेले उठतात. आणि एकदा झोपला तो झोपलाच असं नाही हं. इथला एक उठतो तेव्हा तिथला एक पडतो. तुम्ही कधीही मोजा, जागे तेवढेच, झोपलेले तेवढेच. माणसं मात्र दर क्षणाला वेगळी."

आजोबांनी पापणी सोडली. "म्हणजे आमची कचेरी."

"अगदी."

आमच्या पुस्तकात याला रासायनिक समतोल म्हणतात आणि दोन्हीकडे तोंड असलेले बाण काढतात. बाण बघून आजोबांना काही कळलं नसतं. कचेरी लगेच कळली, पस्तीस वर्षं त्यांनी तिथे झोपलेल्यांत काढली होती.

"बरं, मग हा वास कसला मारतो एवढा?"

"तो दमलेल्या क्लोरीनचा. अंगाचा घाम, आणि लहान मुलं पाण्यात जे करतात ना, ते... त्याला चिकटून चिकटून दमतो तो."

"लहान मुलांची वेळ संध्याकाळची आहे," आजोबा म्हणाले. "सकाळी आम्ही फक्त ज्येष्ठ असतो."

"हो ना," मावशी म्हणाली.

आजोबांनी टॉवेल घट्ट गुंडाळला. मग वर गेले आणि तीन पानी तक्रार अर्ज लिहिला.

अर्जावर समिती बसली. बसली ती तलावाकाठच्या बाकांवर, म्हणजे नेमकी पंपघराच्या खिडकीबाहेर, त्यामुळे मावशीने आठ जोड्या पाय बघत सगळी सभा ऐकली आणि घरी कपडे वाळत घालता घालता आम्हाला करून दाखवली. अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान आहे. ते म्हणाले, "मला या विषयातलं काही कळत नाही, म्हणून मी अगदी निःपक्षपातीपणे बोलतो. पाणी चांगलं असावं." टाळ्या. मग आजोबा. "पाणी सातच ठेवा! सात म्हणजे तटस्थ. ना आंबट, ना सोडा. आपली संस्था कुठल्याच बाजूची नाही!" पुन्हा टाळ्या. मग कोणीतरी म्हणालं, सात-आठ चालतं, मी वाचलंय. कुठे वाचलंय? आठवत नाही, पण जाड पुस्तक होतं. वाद पेटला. अध्यक्ष म्हणाले, "अरे, भांडता कशाला? सात आणि सात-आठ. मधलं काय येतं?"

"सात-चार येतं," सचिव म्हणाले, "आणि आपल्या संस्थेची तशी परंपराही आहे."

ठराव झाला. 'यापुढे तलावाच्या पाण्याचा पीएच ७.४ राहील.' सूचक, अनुमोदक, आठ विरुद्ध शून्य. सचिवांनी तो पंपघराच्या दारावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी पाणी सात-सात होतं.

"ठरावाची अंमलबजावणी झालेली दिसत नाही," सचिव खिडकीतून म्हणाले.

"पाण्याला वाचता येत नाही, साहेब. कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवा."

आता अशा माणसाला कायम कोण करणार? आईने तिला हात जोडून सांगितलं, "बाई गं, तोंडाला जरा कुलूप लाव. वर्ष संपेपर्यंत तरी." मावशी म्हणाली, "लावते." आणि महिनाभर लावलंही. मग तिने खायच्या सोड्याच्या सहा गोण्या मागितल्या आणि कुलूप पुन्हा उघडलं.

"खायचा सोडा?" सचिव म्हणाले. "बाई, बेकरी काढण्यात येत आहे का?"

"साहेब, हा सोडा म्हणजे घरातली सासू. सून तापली, मुलगा रुसला, तरी सासू घराला फार इकडेतिकडे जाऊ देत नाही. तुम्ही अॅसिड ओता, ती बरंचसं स्वतःच गिळते. उलट बाजूचं काही घाला, तेही गिळते. म्हणून पाणी जागेवर राहतं. आता आपल्या पाण्यातली सासू संपत आलीय. एक दिवस कोणीतरी जरा जास्त अॅसिड ओतेल आणि पाणी धाडकन खाली येईल."

"सासूचा विषय समितीपुढे ठेवण्यात येईल," सचिव म्हणाले. ठेवण्यात आला. समितीतले सहाजण सासूबरोबर राहणारे निघाले. मागणी नामंजूर.

वर्ष संपत आलं. आरोग्य खात्याची तपासणी ठरली मंगळवारी सकाळी दहाला, आणि त्याच संध्याकाळी समितीची सभा, विषय क्रमांक चार, 'पंपघरातील बाईंना कायम करणेबाबत'. मावशी त्या आठवड्यात इतकी गोड वागत होती की आईला काळजी वाटायला लागली.

सोमवारी तलावाला सुट्टी असते. पंप बंद, मावशी घरी. त्या सोमवारी सचिवांनी किल्ली घेतली आणि सात-चार काकांना 'अनुभवी मार्गदर्शक' म्हणून बोलावून घेतलं. तपासणीच्या दिवशी पाणी ठरावाप्रमाणे असलंच पाहिजे, असं सचिवांनी मनावर घेतलं होतं. पुढे काय झालं ते काकांनीच नंतर आमच्या घरी येऊन सांगितलं, सचिवांच्या आवाजासकट.

काकांनी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि रंग आल्यावर थक्क होऊन बघत राहिले. "काय सुंदर दिसतं हो हे!" अकरा वर्षांत त्यांनी ती बाटली उघडलेलीच नव्हती.

पट्टी म्हणाली, सात-सात.

"म्हणजे तीन कमी करण्यात यावेत," सचिव म्हणाले, जणू हॉलमधल्या खुर्च्या कमी करायच्यात. दोघांनी मिळून अॅसिडचा कॅन खोल बाजूच्या कोपऱ्यात उपडा केला आणि लगेच त्याच कोपऱ्यात नळी बुडवली. लिंबासारखं पिवळं. सहा-आठ!

"फार खाली गेलं!"

"मग वर आणा!"

धुण्याच्या सोड्याची आख्खी गोणी उथळ बाजूला ओतली. तिथेच नळी बुडवली. राणी रंग. आता पंप बंद म्हटल्यावर इकडचं पाणी तिकडे जाणार कसं? दोन्ही बाजू आपापल्या जागी रुसून बसलेल्या. पण हे दोघं इकडे मगभर अॅसिड, तिकडे पातेलंभर सोडा असं करत दोन तास तलावाभोवती धावत होते. शेवटी सचिव धापा टाकत बाकावर बसले. खोल बाजूला सहा-आठ, उथळ बाजूला आठ. काही केल्या हलेना.

तेव्हा काकांना सुचलं. "साहेब, सरासरी काढा की. सहा-आठ आणि आठ, चौदा-आठ. भागिले दोन."

सचिवांनी हवेत बोटाने भागाकार केला. "सात... चार."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "अकरा वर्षं जो आकडा लिहिला, तो पहिल्यांदा गणिताने आला हो," काका आम्हाला सांगत होते. "डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"क्लोरीनने असेल," आई म्हणाली.

त्यांनी वहीत लिहिलं, ७.४. आणि कुलूप लावून समाधानाने घरी गेले.

मंगळवारी साडेपाचला मावशीने पंप सुरू केला. दोन्ही कोपऱ्यांचा रुसवा संपला, पाणी फिरलं, मिसळलं, आणि बघता बघता सगळा तलाव पांढरा झाला. किटलीच्या तळाशी जो चुना धरतो ना, तोच पाण्यात विरघळलेला असतो. गोणीभर सोड्याने तो भुकटी करून बाहेर काढला. सहापर्यंत तळाच्या काळ्या पट्ट्या गायब. मावशीने दोन्ही बाजूंना तपासलं. आठ-दोन आणि आठ-दोन. तिने वही उघडली, सोमवारच्या रकान्यात परक्या अक्षरात ७.४ बघितलं, आणि वर जाऊन दाराला 'बंद'ची पाटी लावून आली.

आठ वाजता पांढरे मोजे खिडकीशी थांबले नाहीत. ते थेट सहा पायऱ्या उतरून आत आले, मावशी असताना वर्षात पहिल्यांदा.

"बाई, हे आपल्याकडून झाल्याचं नमूद करण्यात यावं. साप्ताहिक शुद्धीकरण, असं काहीतरी. संध्याकाळी सभा आहे. आपलं पत्र टाइप करण्यात आलेलं आहे." त्यांनी खिशातून पत्राचा कोपरा दाखवला. वर संस्थेचा छापील निळा मासासुद्धा होता.

"आणि मी नाही लिहिलं तर?"

"तर पत्र टाइप करण्यात आलेलं नव्हतं."

मावशी सांगते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे खोलीतला नळ आला. पितळी, चकचकीत, रांग नसलेला. तिने पेन उचललं. सचिव खूश होऊन चष्मा पुसायला लागले. चष्मा लावून वाचलं तेव्हा वहीत होतं, 'सोमवार: मी सुट्टीवर, आकडा माझा नाही. मंगळवार ५.५०: खोल ८.२, उथळ ८.२. पाणी पांढरं. तळ दिसत नाही. तलाव बंद केला.'

कोणाचं नाव नाही, गाव नाही. फक्त पाणी.

दहाला आरोग्य खात्याच्या तपासनीस मॅडम आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःची नळी, आणि तोंडात शब्द मोजून पाच. त्यांनी पाणी बघितलं, वही बघितली. "सोमवारचं अक्षर वेगळं."

"ते... सरासरी काढण्यात आली होती," सचिव म्हणाले.

"कशाची?"

"दोन टोकांची."

"मग लोकांना बरोब्बर मधोमध पोहायला सांगायचं." मॅडमनी जुन्या वह्या मागवल्या. पानं उलटत गेल्या, उलटत गेल्या, आणि एका ठिकाणी बोट ठेवून थांबल्या. "एकतीस जून?"

"त्या वर्षी—" सचिवांनी सुरुवात केली आणि पुन्हा चष्मा पुसायला काढला.

हुकूम लिहिला गेला. तलाव बंद. पाणी सलग तीन दिवस सात-दोन ते सात-आठच्या मधे आलं पाहिजे, तळ स्वच्छ दिसला पाहिजे, आणि तसं लिहून संस्थेच्या कायम कर्मचाऱ्याने खाली सही केली पाहिजे. "कायम कर्मचारी कोण इथे?" मॅडमनी विचारलं. सगळ्यांनी सगळ्यांकडे बघितलं. काका निवृत्त झाल्यापासून तलावावर कायमचं असं फक्त पाणीच होतं.

संध्याकाळची सभा झाली, पण विषय क्रमांक चारवर कोणी बोललं नाही. सगळे बोलले ते रविवारच्या मुलांच्या पोहण्याच्या स्पर्धेवर. पाहुणे ठरलेले, कप आलेले, अध्यक्षांनी भाषण पाठ केलेलं. म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे तीन दिवस पाणी बरोबर यायलाच हवं होतं.

मावशीने पंप थांबूच दिला नाही. गाळणीत चुना अडकायचा, ती उलट पाणी सोडून गाळणी धुवायची, पुन्हा अडकायचा. अॅसिड मोजून, बादलीभर पाण्यात कालवून, चालत्या पाण्यात थोडं थोडं. पण गोणीभर सोड्यामुळे आता तलावात सासवाच सासवा झाल्या होत्या. कितीही अॅसिड द्या, गिळून ढिम्म. बुधवारी आठ-एक. गुरुवारी सकाळी सात-नऊ.

सचिव गुरुवारी दोन कागद घेऊन आले. एक तलाव उघडण्याचा अर्ज, दुसरं निळ्या माशाचं पत्र. "आपण इथे सात-आठ लिहून सही करा. मी इथे करतो." घाईत 'करण्यात येईल' विसरले.

मावशीने नळी उजेडात धरली. "हा नऊचा रंग आहे, साहेब. आठचा नाही."

"आम्हाला दोन्ही सारखेच दिसतात!"

"म्हणून तर मला ठेवलंय."

"बाई, एका टिंबाचा प्रश्न आहे. नाहीतर काका आहेतच. त्यांना पुन्हा कायम करण्यात येईल. ते आज सही करतील, आत्ता करतील."

"बोलवा," मावशी म्हणाली.

पत्र परत खिशात गेलं. दुपारी मावशी जेवायला घरी आली तर आई नळ सोडून तिच्यामागे. "एक टिंब गं! एका टिंबापायी खोली घालवतेस? तू काय पाण्याशी लग्न केलंयस?"

"टिंबाचं सोड," मावशी म्हणाली. "तळ दिसत नाहीये अजून. रविवारी चाळीस मुलं उतरणार. त्यातलं एखादं तळाला गेलं तर ते तरी दिसेल का कोणाला?"

आईने तिला पाणी प्यायला दिलं. मावशीने पेला एका दमात रिकामा केला आणि परत तलावावर गेली.

चार वाजता काका आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सचिवांनी बाकावर अर्ज पसरला, पेनाचं टोपण काढून दिलं. काकांनी तलावाकडे बघितलं, अर्जाकडे बघितलं. "आकडा लिहू ना? लिहितो की. सात-चार."

"आणि खाली सही."

"सही?" काका उभे राहिले. "माझी?"

"मग कोणाची?"

"साहेब, अकरा वर्षांची वही काढून बघा. आकड्याचा रकाना भरलेला आहे, सहीचा मी एकदाही भरलेला नाही. आकडा काय, कोणीही लिहितं. पण उद्या काही झालं तर सही माझ्या घरी पोलीस घेऊन येईल." त्यांनी पेनाला टोपण लावून ते सचिवांच्या खिशात खोचलं, पत्राच्या शेजारी. "त्या बाईंनाच विचारा. त्यांना भीती वाटत नाही, कारण त्या बघून लिहितात." आणि गेले.

आता सचिवांकडे उरलं काय? पाण्याला दम देता येत नाही, मावशीला देऊन झाला, काका सही करेनात. शुक्रवारी सात-सात. शनिवारी सात-सहा. रविवारची स्पर्धा पुढे ढकलली, पाहुण्यांना कळवलं, अध्यक्ष चिडून म्हणाले, "अहो, त्या बाईंना कायम करून टाका एकदाचं, नाहीतर या कपांत मी पेन ठेवायला लागेन!" रविवारी संध्याकाळी सात-पाच, आणि तळाच्या काळ्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वहीतल्या रेघांसारख्या स्वच्छ. सचिवांनी पत्र दिलं. मावशीने आधी ते वाचलं, मग अर्जावर सही केली.

पत्र घरी आलं तेव्हा आईने मोठ्याने वाचलं. "'आपली नेमणूक पुढील आदेश होईपर्यंत कायम करण्यात येत आहे.' अगं, म्हणजे कायम की पुढील आदेश होईपर्यंत?"

"दोन्ही," मावशी म्हणाली.

"दोन्ही कसं असेल? जा आणि खोडून घे ते!"

मावशीने पत्र तिच्या हातातून घेतलं, पदर खोचला आणि तशीच मागच्या गल्लीत गेली. घरमालकिणीने चष्मा लावून दोनदा वाचलं. एकदा माशासकट, एकदा माशाशिवाय.

"हे पुढील आदेशाचं काय लफडं आहे?"

"त्यांची भाषाच तशी आहे."

"आणि कधी निघतो हा आदेश?"

"पाणी बिघडलं की."

"पाणी बघतं कोण?"

"मी."

घरमालकिणीने चष्मा काढला, कमरेची किल्ली सोडली आणि तिच्या हातावर ठेवली. "नळ जरा गळतो हं," ती म्हणाली. "तेवढं चालवून घ्या."

"बघते," मावशी म्हणाली, आणि कुलूप उघडून आत गेली.